लाईट जाण्याची वाट पाहणारे सर

आमच्याकडे लाईट गेली की आधी गल्लीभर "अरे यार" होतं. मग इन्व्हर्टरवाल्यांचे पंखे पुन्हा फिरू लागतात आणि बाकीचे ओट्यावर येऊन बसतात. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेपासून दोन गल्ल्या आत एकच घर असं होतं, जिथून लाईट गेल्यावर टाळी ऐकू यायची. एकच, पण खणखणीत. मागोमाग सरांचा आवाज, "गेली! बेटा, टाइम लिही!"

मी वहीत टाइम लिहायची. लाईट केव्हा गेली, केव्हा आली, मधल्या काळात कॉम्प्युटर काय करत होता आणि परत चालू झाल्यावर डिस्कवरच्या फाईली शाबूत होत्या की नाही. शाळकरी शंभर पानी वह्या, अशा सात भरल्या होत्या. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखे आणि काकूंचा टीव्ही. सरांचा मुख्य कॉम्प्युटर मुद्दाम थेट लाईनवर ठेवलेला. दोन-तीन दिवस लाईट गेली नाही तर सर चिडचिडे व्हायचे, जेवताना भाताला नावं ठेवायचे आणि शेवटी उठून स्वतःच मेन स्विच पाडायचे. स्वयंपाकघरात काकूंचा मिक्सर अर्ध्या चटणीवर थांबायचा. "अवो, सांगून तरी पाडत जा!" काकू ओरडायच्या. "सांगून पाडली का ते टेस्टिंग नाई होत," सर शांतपणे म्हणायचे.

टेस्टिंग कशाचं, ते आधी सांगते. सर भंडाऱ्याच्या एका पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर ते उचलून आणायचे, दुरुस्त करायचे आणि खेड्यातल्या शाळांना, वाचनालयांना देऊन टाकायचे. त्या म्हाताऱ्या यंत्रांना आजकालच्या जड सिस्टीम पेलवत नाहीत, म्हणून सरांनी कुठून तरी एक छोटी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम शोधून काढली होती. ती बनवणारे जगभर विखुरलेले पंचवीस-तीस हौशी लोक, आणि वापरणारे बहुधा तेवढेच, अधिक आमचा जिल्हा. अडचण एवढीच होती, की लिनक्स या दुसऱ्या, मोठ्या मोफत सिस्टीमवर भरलेली डिस्क या सिस्टीमला जोडली तर ती ओळखच द्यायची नाही. डिस्कवर काय कुठे ठेवायचं याची एक पद्धत असते, तिला फाईल सिस्टीम म्हणतात, आणि ती पद्धत जाणणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्ससाठी असा ड्रायव्हर होता, कोणीही वाचावा, बदलावा असा खुला. तो उचलून आपल्या छोट्या सिस्टीमवर आणायचा, हा सरांचा ध्यास. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्याला चार वर्षं झाली होती.

काकूंना हे समजावून सांगताना एकदा माझी दमछाक झाली. त्यांनीच मग मला समजावलं, "म्हंजे माह्या सैपाकघरातले डबे दुसऱ्या घरच्या सुनेले पाठ करून देणं, नाई का?" अगदी तेच.

सर मात्र त्याला रोवणा म्हणायचे, म्हणजे धानाची रोपं एका वावरातून उपटून दुसऱ्यात लावणं. त्यांच्या घरची दोन एकर धानाची शेती तलावाखाली होती आणि पॉलिटेक्निकची नोकरी करतानाही रोवण्याची सुटी त्यांनी कधी चुकवली नव्हती. "पऱ्हे उपटले का मुळं धुवाचे," ते सांगायचे. "पहिल्या वावराचा चिखल घेऊन गेली का पेंडी जड होते. पर घासून धुतले का मुळंच तुटते. कोणता चिखल काढाचा अन् कोणता राहू द्याचा, एवढंच शिकाचं हाये. चार वर्षं झाले, मी तेच शिकून राहिलो."

मी त्यांच्याकडे गेले ती काही ज्ञानाच्या ओढीनं नाही. पुण्यातल्या कंपनीनं आमच्या अख्ख्या टीमला एका सकाळी घरी पाठवलं होतं. लाखनीला बाबांचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथे गल्ल्यावर बसून मी नोकरीचे अर्ज भरत होते आणि येणारा प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे ट्रकचा, बाबांना विचारत होता, "पोरगी सुटीवर आली का?" पाचव्या महिन्यात या प्रश्नानं माझं डोकं फिरायला लागलं. सरांकडे काम शिकता येतं असं कोणीतरी बाबांना सांगितलं, आणि एसटीनं भंडारा, तिथून ऑटोनं शहापूर अशी मी जाऊन धडकले. सोबत माझी दोन पानी माहिती छापून नेली होती. सरांनी ती हातातही घेतली नाही.

"मोठ्यानं वाचता येते का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतायत. मग लक्षात आलं, ते माझ्याकडे नाही, माझ्या थोडं डावीकडे बघत होते. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. माणसाची आकृती कळायची, अक्षर नाही.

तेव्हापासून माझं काम एकच, कोड मोठ्यानं वाचायचा. सगळा. कंस सुरू, कंस बंद, अर्धविराम. सर खुर्चीत डोळे मिटून, पाय स्टुलावर, बनियनवर खांद्याला पंचा, हातात गार झालेला चहा. मध्येच बोट वर. "थांब. मागची ओळ." मी परत वाचायची. "हं. चाल पुढं." काकू लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन यायच्या, दारात थांबून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या पोथीत देवाचं नाव कधी येते बापा?"

एकदा मी विचारलं, की वाचून दाखवणारे प्रोग्रॅम मिळतात, ते का नाही वापरत? सर म्हणाले, "ते मशीन सगळ्या ओळी एकाच सुरात वाचते. माणूस अडखळते. जिथं अडखळते, तिथं पाहाचं. शंभरातून नव्वद वेळा तिथंच गडबड निंगते." आणि एक नियम घालून दिला. "डोळ्याले दिसते ते वाच. डोक्यात हाये ते वाचू नको." मला हा नियम बालवाडीतला वाटला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला बरंच काही बालवाडीतलं वाटत असे.

त्यांच्या या लाईटच्या नादाला परदेशातले लोक आधी हसत, हे मला जुन्या पत्रव्यवहारात दिसलं. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर काय होईल, याची सोय लिनक्सवाल्यांनी करून ठेवलेली होतीच. आपण काय करणार आहोत ते ड्रायव्हर आधी एका कोपऱ्यात टिपून ठेवतो, मग करतो. वीज परत आली की टिपण बघून अर्धवट राहिलेलं काम पुरं करतो. पण आमच्याकडची लाईट नुसती जात नाही. वाऱ्याच्या दिवसात ती जाते, येते, जाते, येते, मिनिटात तीनदा. म्हणजे ड्रायव्हर टिपण बघून आवरायला लागतो आणि त्या आवरतानाच पुन्हा अंधार. हा प्रकार त्या पंचवीस-तीस जणांपैकी कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता. सरांच्या वह्यांतून त्यांना या जातीच्या चुका एकामागून एक कळवल्या जाऊ लागल्या. एकानं अचंब्यानं लिहिलं, की हे शोधायला तुम्ही कोणतं उपकरण वापरता? सरांनी उत्तर दिलं, "काही नाही. मी ओट्यावर बसतो."

याच बसण्यातून सरांना एक ओळ सुचली होती. लिनक्सवर टिपण खरोखर डिस्कवर उमटलं की नाही याची खात्री सिस्टीम स्वतः करून घेते, ड्रायव्हरला ते सांगावं लागत नाही. आमच्या छोट्या सिस्टीमवर ते मुद्दाम सांगावं लागतं: थांब, डिस्क 'उमटलं' म्हणेपर्यंत पुढे जाऊ नकोस. सरांनी ती एक ओळ स्वतःच्या हातानं घातली होती, नजर होती तेव्हा. ती ओळ सुरक्षित होती आणि भयंकर संथ होती.

पवनीकडच्या एका खेड्यातले गुरुजी सरांचा कॉम्प्युटर वापरायचे. गुरुजींना एकच वेड, आपल्या बोलीतले शब्द गोळा करायचे. धानाचे, तलावाचे, जंगलाचे. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायचं, शब्द आणि त्याचा अर्थ लिहून आणायचा आणि रोज टाइप करायचा. ते फोनवर हसत म्हणायचे, "सर, सेव्हचं बटन दाबतो अन् गाईले चारा टाकून येतो. तरी फिरूनच राहते ते." सर म्हणायचे, "फिरू द्या गुरुजी." मला मात्र त्या वाक्याची लाज वाटायची. हा ड्रायव्हर त्या सिस्टीममध्ये अधिकृतपणे घेतला जाणार अशी बोलणी सुरू होती, त्यावर माझंही नाव येणार होतं, आणि ते नाव दाखवून मला नोकरी मिळवायची होती. चारा टाकून येईपर्यंत फिरणारा ड्रायव्हर कोणाला दाखवणार?

मी ती ओळ काढली. सरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. ड्रायव्हर एकदम पळायला लागला. दोन आठवडे मी गुपचूप तपासलं, लाईट चारदा गेली, काही बिघडलं नाही. मग सरांनी तो भाग शेवटचा वाचून दाखवायला सांगितला, आणि मी वाचला. ती ओळ स्क्रीनवर नव्हती. मी ती असल्यासारखी, तिच्या कंसासकट, अर्धविरामासकट म्हणून दाखवली. सरांनी बोट वर केलं नाही. थोडं थांबले आणि म्हणाले, "बरं. देऊन दे गुरुजीले."

गुरुजी खूश झाले. "पोरीनं कमाल केली," म्हणाले. मी ती शाबासकी मुकाट्यानं घेतली.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. तिकडे जोराचा वारा होता, लाईटनं तीन-चार झटके दिले, आणि आता डिस्क उघडत नव्हती. जुनी प्रत होती, पण दोन वर्षांपूर्वीची. त्या दोन वर्षांत गुरुजी बहुतेक एकाच आजीकडे बसले होते. तिच्या नवऱ्याकडे, आणि त्याच्या बापाकडे, तलावाचं पाणी सोडण्याचं काम होतं. पाण्याचे, पाळीचे म्हणजे तलावाच्या बांधाचे, मासोळीचे जे शब्द तिच्याकडे होते ते दुसऱ्या कोणाकडे नव्हते. आजी दिवाळीनंतर गेली होती. गुरुजी फोनवर रडले नाहीत, उलट पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "माह्याच हातून काई झालं असंन सर."

सरांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. "वाच," म्हणाले. "टिपणाचा भाग. पहिल्यापासून."

मी वाचायला लागले. ती जागा जवळ येत चालली होती. पुन्हा एकदा ती ओळ म्हणून टाकणं सोपं होतं. सरांना कळलं नसतं, चूक दुसरीकडे शोधत राहिले असते, आणि गुरुजी स्वतःला दोष देत राहिले असते. मी तिथे पोचले आणि थांबले.

"थांबली काहून?"

"सर, इथे एक ओळ होती. मी काढली. तुम्हाला वाचून दाखवली तेव्हाही ती नव्हती."

बाहेर हायवेवर ट्रकांची रांग लागली होती, त्यांचे हॉर्न ऐकू येत होते.  मी सरांच्या डोळ्यांच्या जागी बसलेली होते आणि त्यांनाच फसवलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. ते उठले, भिंतीला हात लावत ओट्यावर गेले. काकूंनी मला जेवून जा म्हटलं, मी जेवले नाही. एसटीत खिडकीशी बसून मी लाखनीपर्यंत रडत आले. परत बोलावतील असं वाटत नव्हतं.

सकाळी सातलाच फोन. "कोठं हायेस? पवनीले जाचं हाये. डबा काकू देऊन राहिली."

वाटेत ते एवढंच बोलले. "त्या दिवशी तू ती ओळ फार साफ वाचली. इतकी साफ का मले शंका आली होती. विचाराले पायजे होतं. मी नाई विचारलं, मलेबी फास्ट पायजे होतं." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "आता कामाचं बोल."

गुरुजींच्या घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधीच सर म्हणाले, "गुरुजी, तुमची काई चूक नाई. चूक माह्याकडून झाली." मी मागे उभी होते. गुरुजींनी हात जोडले, सरांचा हात धरून आत नेलं.

तीन दिवस आम्ही त्या डिस्कसमोर बसलो. सरांनी पहिल्यांदाच बजावलं, तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. कोणतं पान कुठे आहे ही नोंद बिघडली होती, पण पानांचे तुकडे डिस्कवर विखरून पडलेले होते. मी एकेक तुकडा उचलायची आणि मोठ्यानं वाचायची. कधी वाक्याची शेपटी, कधी नुसता शब्द, कधी निव्वळ कचरा. कचरासुद्धा वाचायची. गुरुजी आणि सर समोरासमोर बसून ऐकायचे. "हे सलंगाचं होय," सर म्हणायचे, सलंग म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी निघून जातं ती जागा. "याच्या आंधी पाळीचं पान होतं," गुरुजी म्हणायचे. मग दोघंही आपापल्या लहानपणात शिरायचे, कोणत्या तलावात कोण बुडता बुडता वाचला इथपर्यंत, आणि मला त्यांना ओढून परत आणावं लागायचं. मी गल्ल्यावर बसून ज्या गावांतून पळून जाण्याचे अर्ज भरत होते, त्या गावांना इतके शब्द आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

जवळजवळ सगळं मिळालं. आजीचं शेवटचं पान तेवढं तुटलं. त्यावर एक शब्द शाबूत होता आणि पुढे त्याचा अर्थ नव्हता. गुरुजींना आठवेना, सरांनी तो कधी ऐकलेला नव्हता. गुरुजी म्हणाले, राहू द्या, शब्द तरी हाये. त्यांच्या संग्रहात तो अजून तसाच आहे, पुढे कोरी जागा ठेवून. मी दरवर्षी त्यांना विचारते, आणि दरवर्षी ते म्हणतात, "नाई वं पोरी, अजून कोणाले मालूम नाई."

आज मी नागपूरला एका कंपनीत आहे. लोकांच्या फाईली सुखरूप ठेवणं हेच माझं काम. सर गेल्या वर्षापासून रायपूरला मुलीकडे असतात. तिथे लाईट जात नाही अशी त्यांची तक्रार आहे. मला नोकरीच्या मुलाखतीत कोणी विचारलं, तुमचे गुरू कोण, तर मी सरळ त्यांचं नाव सांगते, जे समोरच्यानं कधीच ऐकलेलं नसतं. मी त्यांची फार ऋणी आहे. त्यांनी मला कोड शिकवला म्हणून तर आहेच, पण त्याहून जास्त त्या सकाळच्या सातच्या फोनसाठी. मी माझं खोटं कबूल केल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुन्हा माझेच डोळे घेतले. दुसरे डोळे शोधता आले असते.

पवनीहून परतल्यावर एक काम राहिलं होतं. ती ओळ मी परत घातली, आणि मग त्या परदेशातल्या लोकांना झालं ते कळवायचं होतं. त्यांचा नियमच होता, ड्रायव्हरमुळे कोणाचं नुकसान झालं तर काय, कसं आणि कोणाकडून, सगळं उघड लिहायचं. ते पत्र जगात कोणालाही, कधीही वाचता येतं. माझं नाव शोधणाऱ्या प्रत्येक कंपनीलाही.

सर खुर्चीत बसले आणि सांगू लागले. मी टाइप करत होते. वारा, झटके, टिपण, ती ओळ. मग म्हणाले, "लिही. ही ओळ काढण्याचा निर्णय माझा होता. जबाबदारी पूर्णपणे माझी आहे."

माझी बोटं थांबली. सरांना वाटलं, मी लिहिते आहे. मग मी लिहिलं. थोडा वेळ लागला.

"झालं? वाचून दाखव."

त्यांनी सांगितलेलं वाक्य मला तोंडपाठ होतं. तेच म्हणून दाखवलं असतं तरी चाललं असतं. मी स्क्रीनवर होतं ते वाचलं. की ती ओळ मी काढली, माझ्या नावासकट. की ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांना मी ती असल्यासारखी वाचून दाखवली. की त्यात एका बाईचं शेवटचं पान गेलं. शेवटपर्यंत वाचलं.

सर मान खाली घालून ऐकत होते. 

"पुन्हा माही ओळ काढली तू," ते म्हणाले.

"हो सर."

"ह्या बारी सांगून काढली." त्यांनी गार चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "पाठव."